एका तिकिटात दोन सिनेमे आणि वर मी

६ नोव्हेंबर, गुरुवार

सदर बंद झाल्यापासून या वहीत लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं. संपादक म्हणाले होते, "रत्नदीपजी, लोक आता वाचत नाहीत, बघतात." मी म्हटलं, मग माझा फोटो छापा. ते हसले आणि सदर बंद केलं. माझ्या विनोदाला एवढा ठोस प्रतिसाद त्याआधी कधी मिळाला नव्हता.

आज मात्र एक तरुण घरी आला. स्वानंद नाव. माजिवड्याला राहतो, इमारतीचं नाव इटालियन, पाणी टँकरचं. त्यानं 'भंगार सिनेमा मंडळ' काढलंय. आमच्या लहानपणी स्टेशनाजवळच्या टॉकीजमध्ये सकाळी लागायचे ते भुताचे, डाकूंचे, नागिणींचे सिनेमे ही मुलं शोधून काढतात, मोठ्या पडद्यावर लावतात आणि पोट धरून हसतात. पोस्टरवर नायिकेच्या अंगावर काळी पट्टी रंगवलेली असायची ते सिनेमे. पट्टीखाली काहीच नसतं, हे कळायला आम्हाला मॅट्रिक व्हावं लागलं होतं.

"सर, कल्याणच्या जुन्या टॉकीजमध्ये तेवीस तारखेच्या रविवारी सकाळचा खेळ करतोय. एका तिकिटात दोन. तुम्ही पडद्याच्या बाजूला माईक घेऊन उभं राहायचं आणि सिनेमावर बोलायचं. तुम्ही बोललात की मी सिनेमाचा आवाज खाली घेणार, थांबलात की वर."

म्हणजे पडद्यावर मारामारी आणि बाजूला माझं सदर चालू. मी लगेच हो म्हटलं. भाव खाण्याच्या वयात भाव नव्हता, आता खायला दात नाहीत.

पहिला सिनेमा 'तहखाने की सौतन'. दुसरा 'चुडैल का आँचल'. दुसरं नाव ऐकून मेथी निवडत बसलेल्या गोदाआत्याचे हात थांबले.

आत्याबद्दल इथे कधी लिहिलेलं नाही. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आई फॅक्टरीत जायची, म्हणून मला हिनेच वाढवलं. भीमजयंतीच्या कार्यक्रमात गायची. तिची हाक चाळीच्या टोकापासून लोको शेडपर्यंत जायची. मी खेळत असलो की "रतूऽऽ, ये रेऽऽ, ताट वाढलंयऽऽ!" अख्ख्या कोळसेवाडीला आमच्या जेवणाची वेळ माहीत होती. पुढे कुणा रेकॉर्डिंगवाल्यानं तिचं गाणं ऐकलं आणि तिला मुंबईला स्टुडिओत नेलं. ज्या नायिकांना धड किंचाळता येत नसे त्यांच्या तोंडी हिचा आवाज. चेटकिणी, हडळी, मरणाऱ्या वहिन्या, सगळ्या हीच. पडद्यावर नाव कधी आलं नाही. आमचे वडील धोंडिबा लोकांना सांगायचे, आमची गोदी कंपनीत कामाला जाते.

गेल्या वर्षी घशाचा कॅन्सर निघाला. परळला ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढून टाकलं. तेव्हापासून ती आमच्याकडे डोंबिवलीला असते. गळ्याशी पांढरं फडकं बांधते. ओठ हलतात, आवाज नाही. माझ्या बायकोला, मेघनाला, ते ओठ वाचता येतात. मला नाही जमत. मला ती मोबाइलवर लिहून पाठवते, बाजूच्या खोलीतून. हा फोनसुद्धा ऑपरेशननंतर घेतला. बोलता येत होतं तोवर तिच्याकडे डबडं होतं.

निरोप आला : "मी येणार."

मेघना म्हणाली, "अहो, त्यांचा आवाज आपल्याकडे कुठेच नाहीये. आपल्या सम्यकच्या लग्नाच्या शूटिंगमध्येसुद्धा सगळ्यावर गाणी चढवलीत. त्यांना एकदा ऐकायचंय."

"ऐकायचं काय, किंकाळीच ती."

"किंकाळी असली तरी त्यांची आहे."

बरोबर आहे. येऊ दे. सत्तरी ओलांडलेली आत्या पहिल्या रांगांत बसली की प्रेक्षकांनाही बरं वाटेल. स्वानंदला मात्र सांगणार नाही. नाहीतर तो तिला स्टेजवर बोलावून शाल देईल, लोक डोळे पुसतील आणि माझा शो हळवा होऊन बसेल.

९ नोव्हेंबर, रविवार

स्वानंदबरोबर खडवलीला जाऊन आलो. रिळं तिथल्या पोपटशेठकडे आहेत. पूर्वी हे गृहस्थ जत्रांमधून तंबूत सिनेमे दाखवायचे. रिळांचे डबे जुन्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये ठेवलेत. आत शिरलो तर अर्धा वास कोंबड्यांचा, अर्धा जुन्या फिल्मला येतो तो व्हिनेगरचा. चायनीजच्या गाडीची आठवण झाली.

पोपटशेठ म्हणाले, "तहखाना टनाटन आहे. चुडैल मात्र आकसलीय. एकदाच चढेल मशीनवर. मध्ये तुटली की कडेला आवाजाची पट्टी असते ना, ती सोलवटून निघणार. मग चुडैल मुकी."

"दुसरी कॉपी?"

"कुठली! हीच एक राहिलीय जगात. आणि जगाला हिचं काय पडलंय?"

स्वानंद खूश. "सर, 'अखेरचा खेळ' असं पोस्टरवर टाकतो!"

येताना मी मेघनाला फोनवर हे सांगितलं. ती मग म्हणाली, "आत्यांना सांगू नका." म्हटलं ठीक. घरी आलो तर आत्याला माहीत होतं. मेघनाच्या चेहऱ्यावरून तिनं वाचलं म्हणे. या दोघींना बोलावं लागतच नाही. मला मात्र पानंच्या पानं लिहूनही लोकांना काय म्हणायचंय ते कळत नसे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

विनोदांची तयारी. सिनेमा आधी बघायला मिळणार नाही, कारण एकदाच चढणार. म्हणून आत्याला विचारलं, तुझ्या त्या चुडैलमध्ये आहे तरी काय? उत्तर आलं :

"एक बाई जळून मरते. चुडैल होते. तिच्या मुलाला सांभाळायला कुणी नसतं. शेवटी ती हवेलीच्या गच्चीवरून त्याला हाक मारते. तिथे ऐक."

झकास. वहीत लिहून ठेवलं : शेवटी गच्चीवरून हाक, इथे दणदणीत काहीतरी हवं. ती या धंद्यातली, तिला कळतं टाळी कुठे येते ते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मेघना म्हणाली, "दुसऱ्या सिनेमाला जरा कमी बोला."

"दुसऱ्यालाच तर रंग चढतो. पहिल्यात लोक वडे खात असतात."

"मी काय म्हणतेय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. तुला माझे विनोद आवडत नाहीत. बातमी जुनी आहे."

ती उठून गेली. पण मग मी खरंच विचार केला. अगदीच कळत नाही असं नाही. मध्ये मध्ये थांबेन. आत्याच्या किंकाळ्या येतील तेव्हा नक्की थांबेन. पण नुसतं थांबून उभं राहिलं तर लोक म्हणतील याचं संपलं. सदर संपलेल्या माणसाला ही भीती किती असते ते सदर चालू असलेल्यांना नाही कळायचं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आत्यानं पांढरी निळ्या काठाची साडी काढली. ती जयंतीलाच निघते. केसांना तेल लावून घेतलं मेघनाकडून. माझ्यासाठी ज्येष्ठमध घालून पाण्याची बाटली भरून ठेवली. निरोप : "उद्या मध्ये मध्ये पाणी पीत जा. विसरू नको."

जिचा गळा गेला ती माझ्या गळ्याची काळजी करतेय. मला एकदम भरून आलं. विनोदांचा कागद पुन्हा वाचायला बसलो तेव्हा कुठे ठीक वाटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

झाला! झाला आणि काय झाला!

टॉकीज भरलेलं. डोंबिवली, ठाणे, उल्हासनगर, पार बदलापूरची पोरं. कुणी चुडैलीचे केस लावून आलेलं, कुणी डाकूच्या मिशा. खुर्च्यांतून स्प्रिंगा बाहेर आलेल्या, त्यांच्याबरोबर लोक सेल्फी काढत होते. आत्या आणि मेघना तिसऱ्या रांगेत कडेला. आत्या ताठ बसलेली, दोन्ही हात मांडीवर, शाळेत फोटोला बसतात तशी.

तहखान्यात मी पहिल्या मिनिटापासून लोकांना पकडलं. ठाकूर मशाल घेऊन भुयारात उतरतो. मी म्हटलं, "डोंबिवलीत याला वन बीएचके म्हणून विकतात, मशाल वेगळी घ्यावी लागते." शिट्ट्या. मग नायिका धबधब्याखाली आंघोळ करते, करतच राहते, अख्खं रीळ संपेपर्यंत. मी म्हटलं, "दिवा गावात आठवड्याला एवढं पाणी येत नाही." मागून एकजण उभा राहून ओरडला, "सर, आम्ही दिव्याचेच!" मग पाच मिनिटं नुसता दंगा. ती बाई पडद्यावर कुडकुडत होती. कुणाची कोण होती, थंडी किती होती, असं काहीतरी माझ्या मनात आलं. पण तेवढ्यात नाग आला, आणि नागावर माझ्याकडे चार वाक्यं तयार होती.

मध्यंतरात वडापाव. आत्या खुर्चीतून उठली नाही. मी जाऊन विचारलं, "कसं चाललंय?" तिनं अंगठा दाखवला, मग माझ्या हातातल्या माईककडे बोट केलं, आणि ओठांनी काहीतरी म्हणाली. मेघना सांगणार होती, पण स्वानंदनं हाक मारली, "सर, चुडैल चढली मशीनवर!"

दुसरा सिनेमा सुरू झाला आणि पोरं वेडीच झाली. चुडैल किंचाळली की अख्खं थिएटर तिच्यावर किंचाळायचं. पहिल्या किंकाळीला मी थांबणार होतो. पण तेव्हा माझं वाक्य अर्ध्यावर होतं, अर्ध्यावर कसं सोडणार? दुसरीला पोरांचाच आवाज एवढा की थांबून उपयोग नव्हता. तिसरीला म्हटलं, आता शेवटच्या हाकेला थांबू. मग लय सापडली. अशी लय मला कॉलेजात सापडली होती, त्यानंतर नाही. मी तोंड उघडायच्या आत लोक हसत होते.

शेवटचं रीळ लागलं तेव्हा बघतो तर मेघना वाकून अंधारातून स्टेजकडे येतेय. हातात ती बाटली. माझ्या हातात देऊन म्हणाली, "आत्यांनी दिलीय. प्या. आत्ता प्या."

मी माईकवर म्हटलं, "मंडळी, घरून पाणी आलंय. म्हणजे घरच्यांचं म्हणणं, आता तोंड बंद करा!" हशा. मी बाटली उघडली, एक घोट घेतला. स्वानंदनं सिनेमाचा आवाज वर घेतला. पडद्यावर हवेलीची गच्ची, केस सोडलेली बाई, आणि हिंदी सिनेमात मध्येच मराठीत ती जेवणाबिवणाचं काहीतरी म्हणाली. मी घोट कसाबसा गिळला आणि माईक धरला :

"ऐकलंत? हवेली हिंदी, ठाकूर हिंदी, मुलगा हिंदी. चुडैल तेवढी मराठी! म्हणजे धुणीभांडी करायला ठेवलेली!"

काय सांगू. आजच्या दिवसातला सर्वांत मोठा हशा. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. तो संपतो न संपतो तोच खटाक् झालं, मशीन घरघरलं, पडदा पांढरा. रीळ तुटलं होतं. त्यालाही टाळ्या! पोपटशेठ वरून ओरडत होते ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

घरी येताना रिक्षात आत्यानं निरोप लिहिला. आम्ही दोघं एकाच सीटवर, तरी माझा फोन वाजला : "छान बोललास. हात दुखले टाळ्या वाजवून."

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून फोन. धुणीभांड्यांचा तुकडा कुणीतरी मोबाइलवर टाकला तो लाखभर लोकांनी बघितला. दुपारी संपादकांचा फोन : "रत्नदीपजी, सदर पुन्हा सुरू करू या का?" मी म्हटलं, विचार करून सांगतो. म्हणजे फोन ठेवेपर्यंत विचार केला.

मेघना बोलत नाहीये. रात्री विचारलं, काय झालं? म्हणाली, तिनं आत्यांसाठी मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं होतं, त्यात नुसता लोकांचा गोंगाट आलाय. मी म्हटलं, पुन्हा कधीतरी. ती म्हणाली, "पुन्हा कधी? तुम्ही पोपटशेठना फोन केलात का?"

नव्हता केला. केला. म्हणाले, "शेवटच्या रिळाची पट्टी सोलून निघाली हो साहेब. आधीच्या रिळांचीही वाट लागलीय. बाकी शो फर्स्टक्लास."

हे ऐकून मी मेघनाकडे बघितलं. ती भाकऱ्या थापत होती. वळलीच नाही. म्हणाली, "तुम्हाला एक सांगू? अंधारात मी पडदा बघतच नव्हते. मी त्यांच्याकडे बघत होते. चुडैलीच्या आधी त्यांचे ओठ हलायचे. सगळं पाठ होतं त्यांना. तुम्ही बोलत असलात तरी त्या म्हणतच होत्या. शेवटी गच्चीवर सुद्धा."

"गच्चीवर काय म्हणाली?"

"तुम्ही तिथेच होतात ना? माईक घेऊन?"

२७ नोव्हेंबर, गुरुवार

स्वानंदनं साउंडच्या टेबलावरून सगळं रेकॉर्ड केलं होतं. माझी वाक्यं कापून विकायची म्हणून. त्याची फाइल मागवली. सगळ्या शोचा आवाज आहे, स्वच्छ.

ऐकली. मीच आहे. तहखान्यात मी, नागावर मी, चुडैलीच्या प्रत्येक किंकाळीवर मी. स्वतःचा आवाज इतका वेळ सलग ऐकायची वेळ कुणावर येऊ नये. मी किती चांगलं वाक्य बोलतो आणि त्याच्या खाली काहीतरी चिरडत जातं, दाराखाली शेपूट यावं तसं.

मग मेघनाचा पुसटसा आवाज, "प्या. आत्ता प्या." माझा विनोद, हशा. बाटलीचं बूच. माझा घोट. आणि मागून, मोठ्यानं, लोको शेडपर्यंत जाणारी :

"रतूऽऽ, ये रेऽऽ, ताट वाढ—"

आणि मी. धुणीभांडी.

सिनेमातल्या मुलाचं नाव राजू आहे. सगळा सिनेमाभर सगळे त्याला राजूच म्हणतात. आत्याला विचारायला गेलो नाही. काय विचारणार? त्या दिवशी स्टुडिओत तिला उशीर होत असणार, घरी मी एकटा असणार, संध्याकाळ झालेली असणार. समोर पडद्यावर एक पोर आणि हाताशी माईक. कुणीतरी तो टेक तसाच ठेवला असणार. एवढी वर्षं ती हाक कोंबड्यांच्या शेडमध्ये डब्यात बंद होती आणि मी तिच्या बाजूला उभा राहून पाणी गिळायची घाई केली.

संपादकांना फोन करून सदर नको म्हणावं असं वाटलं. केला नाही. पहिला लेख त्यांना शनिवारी हवाय. मला अजून त्याचं पहिलं वाक्य सुचत नाही, आणि माझी ओळख बघता हे जरा नवीनच आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

मेघना माहेरी कल्याणला गेलेली. घरात आत्या आणि मी. स्वानंदकडून तेवढाच तुकडा कापून घेतला होता, बूच उघडल्यापासून माझं तोंड उघडेपर्यंत. माझा पुढचा विनोद काढून टाकायला सांगितला. तो म्हणाला, "सर, बेस्ट पार्टच काढताय." म्हटलं, काढ.

आत्याच्या खोलीत गेलो. ती खिडकीशी मटार सोलत होती. मी फोन तिच्या कानाशी धरला आणि लावला.

तिनं डोळे मिटले. संपलं, तेव्हा तिनं बोटानं खूण केली, पुन्हा. पुन्हा लावला. मग तिनं फोनच घेतला हातातून. ती ऐकत होती आणि तिचे ओठ हलत होते, अर्ध्या तुटलेल्या शब्दाच्याही पुढे. 'ताट वाढलंय' एवढंच असेल, मला वाटलं. पण ते संपूनही हलत राहिले. हाक झाल्यावर पोरगं येईपर्यंत आई काय काय बोलते ते असावं. सिनेमात होतं की नव्हतं कोण जाणे. आता कुणालाच कळायचं नाही.

मी म्हटलं, "आत्या, मी त्या दिवशी..."

ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मी सवयीनं खिशातला फोन चाचपला, तिचा निरोप येईल म्हणून. फोन तिच्या हातात. मग मी तिच्या तोंडाकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा, नीट. तिनं पुन्हा म्हटलं. सावकाश, मुलाला अक्षर शिकवावं तसं. एकच शब्द मला कळला. पाणी.

मी धावत स्वयंपाकघरातून पेला भरून आणला. तिनं घेतला नाही. हसली, आणि पेला माझ्याकडेच सरकवला.

मग तिनं मटाराचं ताट बाजूला केलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मी पेला तोंडाला लावला, आणि काढला नाही.